हॉरर एक्सप्रेस (१९७२): एक डबा, एक छोटी गाडी आणि पांढरे डोळे

निशाचर

या सिनेमावरची चर्चा बहुतेक वेळा क्रिस्टोफर ली आणि पीटर कुशिंग या ब्रिटिश नटांच्या जोडीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. जोडी भारीच आहे, वाद नाही. पण इथे जरा कारागिरीकडे बघू: हाताशी फारसे पैसे नसताना आगगाडीवरचा भयपट उभा कसा राहिला, कुठे जमलाय आणि कुठे उसवलाय. शेवटासकट सगळं फोडलं जाणार आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या, दीड तासाचा आहे.

जुजबी माहिती: दिग्दर्शक युजेनियो मार्टिन (श्रेयनामावलीत जीन मार्टिन), निर्माता बर्नार्ड गॉर्डन, छायाचित्रण अलेहांद्रो उलोआ, संगीत जॉन काकावास. स्पॅनिश नाव 'पानिको एन एल ट्रान्ससिबेरियानो'. चित्रीकरण माद्रिदमध्ये, १९७१ चा डिसेंबर ते १९७२ ची सुरुवात. पटकथा आर्नो द्यूसो आणि ज्युलियन झिमेट यांची. झिमेटचं नाव पडद्यावर ज्युलियन हॅलेवी असं येतं. गॉर्डन धरून हे तिघेही हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेलेले, म्हणजे डाव्या विचारांच्या संशयावरून काम बंद झालेले लेखक. सिनेमात सत्तेचा माणूस दिसला की त्याची जी टर उडवली जाते, त्यामागे हेही असावं.

गोष्ट थोडक्यात. साल १९०६. प्रोफेसर सॅक्स्टन (ली) चीनमधल्या गुहेत सापडलेला, गोठलेला माणसासारखा प्राणी पेटीत घालून ट्रान्स-सायबेरियन गाडीने युरोपला निघालाय. गाडीत डॉ. वेल्स (कुशिंग), एक काउंट आणि त्याची बायको, त्यांच्यासोबतचा पुजारदोव नावाचा विक्षिप्त साधू, एक हेर बाई, पोलीस इन्स्पेक्टर मिरोव. प्राणी जागा होतो आणि ज्याच्या डोळ्यांत बघेल त्याचा मेंदू कोरा करतो. पुढे कळतं की प्राणी हे नुसतं घर होतं. आत राहणारं काहीतरी परग्रहावरचं आहे, ते एका शरीरातून दुसऱ्यात जातं आणि प्रत्येकाचं ज्ञान सोबत घेऊन जातं.

आता माझं म्हणणं. या सिनेमाचा आकार पटकथेने जितका ठरवला तितकाच सेटने ठरवलाय. डब्याच्या आतला सेट एकच होता. एका डब्यातले सगळे प्रसंग सलग उरकायचे, मग तोच सेट बदलून पुढचा डबा करायचा आणि त्यातले सगळे प्रसंग घ्यायचे. त्यामुळे प्रत्येक डब्याला एकेक ठरलेलं काम मिळालंय: सामानाचा डबा म्हणजे मरणाची जागा, जेवणाचा डबा म्हणजे वादाची, काउंटचा डबा म्हणजे देवाधर्माची. गाडीत माणूस कुठे उभा आहे यावरून पुढे काय होणार याचा अंदाज येतो आणि तरी भीती वाटते. हे मला फार हुशारीचं वाटतं, मग ते मुद्दाम केलेलं असो वा नाइलाजाने.

रीळबदल

गाडी आली कुठून यावर दोन कथा आहेत आणि दोन्ही घरच्याच माणसांच्या. मार्टिनचं म्हणणं, 'निकोलस अँड अलेक्झांड्रा' (१९७१) मधली छोटी गाडी (प्रतिकृती) निर्मात्याच्या हाती लागली आणि ती वापरायची म्हणून गोष्ट लिहून घेतली. गॉर्डनने हे खोडून काढलं: गाडी 'पांचो व्हिया' या सिनेमासाठी बनवली होती. तोही मार्टिननेच दिग्दर्शित केलेला आणि इथे कोसॅक कॅप्टन झालेला टेली सावालास त्यातही आहे. कुठलीही कथा धरा, क्रम तोच: आधी गाडी, मग गोष्ट.

तिरकस

नाइलाजाने केलेल्या गोष्टीला हुशारी म्हणायची आपली खोड जुनीच. पैसे असते तर तीन डबे बांधले असते आणि सिनेमा आणखी चांगला झाला असता, एवढंच.

चौथी_भिंत

तिरकस, तीन डबे बांधून सिनेमा चांगला होतोच असं नाही. डब्याचा सेट बिघडतो तो संख्येने नाही, मापाने.

खऱ्या डब्याची आतली रुंदी पावणेतीन मीटरच्या आसपास. त्यात पाऊण मीटर बोळ, उरलेल्या दोन मीटरमध्ये कूपे. या मापात कॅमेरा, दिवे आणि माणसं मावत नाहीत, म्हणून सेटवर रुंदी साडेतीन-चार मीटर करायचा मोह होतो. केली की डबा मेला. दोन माणसं एकमेकांना न घासता बोळातून गेली की प्रेक्षक गाडीतून उतरतो.

उपाय असा: माप खरंच ठेवायचं, भिंती मात्र सुटणाऱ्या करायच्या. बोळाकडची भिंत साधारण १.२ मीटर रुंदीच्या तुकड्यांत बांधायची. प्रत्येक तुकडा वर-खाली बिजागरीवर, आणि बिजागरीची पिन ओढली की तुकडा बाहेर. छतही तीन-चार तुकड्यांत. संवादाचे शॉट भिंत काढून, बाहेरून ४० किंवा ५० मिलिमीटरच्या लेन्सने घ्यायचे. आतच उभं राहून २५ ने घेतले तर जवळच्या माणसाचं नाक पुढे येतं आणि मागची भिंत दूर पळते, म्हणजे जी अडचण दाखवायची तीच नाहीशी होते. मोठ्या शॉटला मात्र छत परत लावून कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणायचा. छत दिसलं पाहिजे. निम्मा कोंडमारा छतातून येतो.

एकाच सेटचे अनेक डबे करताना रंग बदलणं ही सगळ्यात दुबळी युक्ती. आधी दिशा बदला. बोळ एका डब्यात कॅमेऱ्याच्या डावीकडे असेल तर पुढच्यात सेटच्या दुसऱ्या टोकाकडून कॅमेरा लावा, तो उजवीकडे येतो. मग दिव्यांची उंची बदला: भिंतीवरचे दिवे काढून टेबलावर ठेवले की चेहऱ्यावरची सावलीच वेगळी पडते. मग पडदे आणि खुर्च्या. रंग शेवटी, कारण तो वाळायला वेळ लागतो आणि वास दिवसभर जात नाही.

निशाचर

आणि डब्याप्रमाणे चित्रीकरण केलं की गोष्टीचा क्रम मोडतो, त्याची किंमत वेगळी. मिरोवचंच बघा. प्राण्याला गोळी घातल्यावर ते मिरोवच्या अंगात शिरतं आणि त्याचा एक हात केसाळ होतो. तो हात लपवत फिरतो. आता एकाच डब्यातले प्रसंग सकाळी 'हात व्हायच्या आधीचे' आणि दुपारी 'नंतरचे' असे घ्यायचे, तर प्रत्येक प्रसंगाच्या चिठ्ठीवर कोण मेलंय, कोणाच्या अंगात ते आहे, कोणाला काय कळलंय, हे तिन्ही लिहून ठेवावं लागतं. नुसते कपडे आणि केस टिपून भागत नाही. या सिनेमात तर बळी मोजता मोजता दमछाक होते.

काजळी

डोळ्यांबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहिते.

मेलेल्यांचे पांढरे डोळे हा या सिनेमातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकलेला इफेक्ट. सबंध बुबुळ झाकायचं तर साधी कॉन्टॅक्ट लेन्स चालत नाही, डोळ्याचा पांढरा भागही झाकणारी मोठी लेन्स लागते, २२ मिलिमीटरच्या आसपास व्यासाची. त्या काळात त्या कडक प्लॅस्टिकच्या असत. अपारदर्शक पांढरी असेल तर नटाला काहीही दिसत नाही. म्हणजे अशा नटाला चालवायचं असेल तर पावलं आधी मोजून घ्यायची, वाटेतल्या वस्तू हलवायच्या आणि कोणीतरी कॅमेऱ्याबाहेरून आवाज द्यायचा. लेन्स आणि डोळा यांच्यामध्ये सलाइन भरूनच बसवायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. डोळ्याला प्राणवायू हवेतून मिळतो, आणि या लेन्सखाली तो तुटतो. त्यामुळे शॉट तयार झाल्यावरच लेन्स घालायची, शॉट झाला की काढायची. माप डोळ्यांच्या तज्ज्ञाकडून घेतलेलं हवं. दुसऱ्याची घातलेली चालत नाही, जंतुसंसर्ग होतो आणि तोही वाईट.

इथे मेलेली माणसं बरीचशी पडून असतात. हे सोयीचं. पण शेवटी पुजारदोव मेलेल्या कोसॅक (रशियन घोडदळातल्या) सैनिकांना उठवतो आणि ती आंधळी रांग बोळातून चालत येते. अडखळत, भिंतीला धरून चालणं तिथे शोभूनच दिसतं.

अर्धवट

आणि अंधारात लाल चमकणारा डोळा?

काजळी

तो परिणाम मिळवायचे दोन जुने मार्ग आहेत. मुखवट्यात डोळ्याच्या जागी छोटा बल्ब आणि वर लाल जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद), हा पहिला. वायर केसांतून मागे, बॅटरी कंबरेला. मुखवटा घातलेल्या प्राण्यासाठी ठीक, पण बल्ब तापतो, म्हणून एका वेळी काही सेकंदच.

दुसरा, माणसाच्या उघड्या चेहऱ्यासाठी: प्रकाश आल्या वाटेने परत फेकणारं मटेरियल डोळ्यावर, आणि कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा. बाजूने लाल दिवा आरशावर मारला की प्रकाश लेन्सच्या अगदी रेषेत पुढे जातो आणि त्याच रेषेत परत येतो. दिवा अगदी मंद पुरतो, चेहऱ्यावर तो दिसतही नाही. आरसा थोडा हलला की चमक गेली. आणि आरसा निम्मा प्रकाश खातो, म्हणून अॅपर्चर (लेन्सचं भोक) एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश येईल इतकं, उघडावं लागतं.

मिरोव पकडला जातो तो प्रसंग पुन्हा बघा. दिवे घालवले जातात आणि डोळे चमकतात. पटकथेने इफेक्टलाच पुरावा केलंय, त्यामुळे तो दाखवणं गोष्टीची गरज झाली. स्वस्तातल्या भयपटांत हे फार कमी वेळा जमतं.

तिरकस

बाकी सगळं मान्य केलं तरी डोळ्यातल्या पाण्यात चित्र उमटण्याचा प्रकार हास्यास्पद आहे. प्राण्याच्या डोळ्यातला द्रव सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि त्यात डायनोसॉर दिसतो, मग अंतराळातून पृथ्वी! कोणी गंभीरपणे लिहिलं असेल हे?

अर्धवट

तिरकस, १९०६ सालच्या पात्रांच्या तोंडी हे अजिबात वेडगळ नाही. १८७६ मध्ये फ्रान्झ बोलने दाखवलं की डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, एक रंगद्रव्य असतं आणि ते उजेडात फिकं पडतं. मग हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूनेने १८७८ मध्ये त्याचा फोटोच काढला म्हणा ना. ससा काही वेळ अंधारात ठेवला, म्हणजे रंगद्रव्य भरून येतं. मग त्याचं तोंड गज असलेल्या खिडकीकडे करून तीन मिनिटं धरलं, लगेच मारलं, डोळा काढून रेटिना तुरटीच्या द्रावणात घट्ट केली. त्यावर खिडकी आणि गज दिसले. १८८० मध्ये एका शिरच्छेद केलेल्या कैद्याच्या डोळ्यावर त्याने हेच केलं. तिथे काहीतरी आकृती मिळाली, पण ती कशाची ते ठरवता आलं नाही. खुनाचा तपास असा करता येईल ही समजूत मात्र पुढे कितीतरी वर्षं टिकली.

सिनेमाची खरी चूक एकच: चित्र रेटिनावर उमटतं, डोळ्यातल्या द्रवात नाही. द्रव आहे तो पारदर्शक जेल, त्यात रंगद्रव्यच नसतं. पण रेटिना काढायची म्हणजे डोळा फोडणं आलं. सुईने द्रव ओढणं पडद्यावर एका शॉटमध्ये कळतं.

दुसरं, एका रेटिनावर एकच चित्र मावतं, आधीचं पुसलं जातं. दोन डोळ्यांत फार तर दोन. लाखो वर्षांचा अल्बम शक्य नाही.

तिरकस

क्यूनेचं माहीत नव्हतं. ठीक, हास्यास्पद हा शब्द मागे. 'ओढून ताणून' चालेल?

चौथी_भिंत

चालेल. :)

सांधेवाला

रेल्वेच्या अंगाने दोन गोष्टी.

एक, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. मांचुरियातून जाणारी चायनीज ईस्टर्न रेल्वे रशियनांनी बांधलेली, म्हणून तिचे रूळ रशियन मापाचे, १५२४ मिलिमीटर. चीनमधल्या इतर मुख्य मार्गांवर १४३५. म्हणजे १९०६ मध्ये चीनच्या आतल्या भागातून एकाच डब्यात बसून मॉस्कोला जाणं शक्यच नाही, मध्ये गाडी बदलावी लागणार. आणि गाडी बदलायची म्हणजे पेटी फलाटावर उतरवायची, हमालांच्या हाती द्यायची, जकातवाल्यांसमोर उघडायची. पटकथाकारांनी ते गाळलं. शहाणपणाचंच, कारण पेटी उतरली असती तर गोष्ट तिथेच संपली असती.

दोन, शेवट. वरून तारेने हुकूम येतो, सांधा बदलून गाडी कड्याकडे जाणाऱ्या फाट्यावर घेतात, सॅक्स्टन आणि वेल्स वाचलेल्यांना मागच्या डब्यात नेऊन तो सोडवतात, पुढची गाडी दरीत. आता त्या काळच्या रशियन गाड्यांना स्क्रू कपलिंग (दोन डबे जोडणारी स्क्रूची साखळी) आणि बफर (डब्याच्या टोकाचे स्प्रिंगवाले दट्टे). इंजिन ओढत असताना ही साखळी ताठ असते. ताणाखाली मधला स्क्रू हाताने फिरत नाही आणि कडी हुकातून उचलली जात नाही. इंजिनाने ब्रेक मारला किंवा उतार लागला की मागचे डबे पुढच्यांवर दाबले जातात, बफर आत जातात, साखळी सैल पडते. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत कडी उचलायची. म्हणजे घाई जोराची नाही, वेळ साधण्याची आहे. हे दाखवलं असतं तर प्रसंग दुप्पट ताणला असता. नुसतं जोर लावून कण्हणारे दोन प्रोफेसर ही वाया घालवलेली संधी आहे.

रीळबदल

पण डबा तोडला की ब्रेक आपोआप लागतात ना? मग पुढची गाडी कड्यापर्यंत पोचतेच कशी?

सांधेवाला

बरोबर पकडलंत. आपोआप लागणारा हवेचा ब्रेक धरला तर गाडीभर जाणाऱ्या नळीत दाब असतो तोवर ब्रेक सुटलेले, दाब गेला की लागले. दोन डब्यांमधली रबरी नळी तुटली की दोन्ही तुकड्यांतला दाब जातो आणि दोन्ही थांबतात. पुढच्यातला राक्षसही वाचतो.

म्हणून क्रम असा हवा. पुढच्या डब्याच्या शेपटाकडचा नळीचा कॉक (झडप) आधी बंद करायचा. मागच्या डब्याचा उघडाच ठेवायचा. मग सैल क्षण साधून कडी उचलायची. डबे दूर गेले की नळी ओढली जाऊन सुटते: पुढच्या गाडीत कॉकमुळे दाब कायम, ती पळत राहते. मागच्या डब्यातून हवा फुस्सकन जाते आणि त्याचे ब्रेक करकचून लागतात. ताशी ६० किलोमीटरवर, चांगले ब्रेक असतील तर एकटा डबा १४० मीटरच्या आसपास थांबतो. दोन्ही कॉक बंद करण्याची चूक केली तर मागच्या डब्याला फक्त हातब्रेक उरतो आणि थांबायला अर्धा-पाऊण किलोमीटर लागू शकतो. सिनेमातला डबा ज्या बेताने कड्याशी थांबतो ते बघता कोणीतरी दोन्ही बंद केले असावेत.

निशाचर

हे भारी आहे. 'कोणता कॉक' यावर दहा मिनिटांचा प्रसंग उभा राहील.

चौथी_भिंत

दरीत पडणारी गाडी छोटी आहे हे लपत नाही, त्यावर थोडं.

छोट्या प्रतिकृतीचं गणित सोपं आहे: ती जितक्या पट लहान, त्याच्या वर्गमुळाइतकी फ्रेमची गती (सेकंदाला किती चित्रं) वाढवायची. एकास सोळा असेल तर चौपट, २४ च्या जागी ९६ फ्रेम. कारण गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. दोन मीटरच्या खोट्या कड्यावरून गाडी सुमारे ०.६४ सेकंदात खाली. हा कडा खऱ्यात ३२ मीटरचा, तिथे अडीच सेकंद लागले असते. ९६ फ्रेमने घेतलं की बरोबर अडीच सेकंद दिसतात. २४ ने घेतलं तर टेबलावरून काडेपेटी पडल्यासारखं.

पण इथेच लोक फसतात. फ्रेम वाढवल्या की धावणारी गाडीही तेवढीच मंद दिसते. म्हणून एकास सोळाची गाडी ताशी ६० ची दाखवायची तर तिला सेकंदाला सव्वाचार मीटर पळवावी लागते. मॉडेलच्या मोटरला हे झेपत नाही, रुळांखालून दोरीने ओढतात. पडद्यावर पाच सेकंद हवे तर सरळ रूळ सव्वापाच मीटर, शिवाय वेग घ्यायला आणि थांबायला तेवढाच. वळणावर सव्वाचार मीटरने गेली तर घसरते. म्हणून स्वस्तातल्या सिनेमांत छोटी गाडी बहुधा सरळ आणि रात्रीच जाते.

फोकसचंही तसंच. जवळून घेतलं की इंजिन स्पष्ट आणि तिसरा डबा धूसर, तिथेच खेळणं उघडं पडतं. एफ १६ किंवा २२ पर्यंत अॅपर्चर बंद करावं लागतं. त्यात ९६ फ्रेम म्हणजे प्रकाश आणखी चौथाई. एवढे दिवे लावले की मेणाचा बर्फ वितळतो.

अर्धवट

आत बसलेल्यांना गाडी चालू आहे असं वाटायला सेट हलवत असतील ना?

चौथी_भिंत

अख्खा सेट स्प्रिंगांवर बसवता येतो, पण करकरतो आणि मग थेट आवाज घेता येत नाही. स्वस्त मार्ग: सेट जागेवर, कॅमेरा हलवायचा. ट्रायपॉडचं डोकं डावी-उजवीकडे अर्धा ते एक अंश, त्याहून जास्त नाही, नाहीतर जहाज वाटतं. आणि चौकटीत एखादी टांगलेली वस्तू हवी. इथे एक बारकावा: २५ सेंटीमीटर लांबीचा टांगता दिवा एका झोक्याला एक सेकंद घेतो. कॅमेराही त्याच तालात हलवा, डोळा फसतो. ताल चुकला तर दिवा कोणीतरी ढकललाय हे लगेच कळतं. टेबलावर ग्लास असेल तर पाणी हललंच पाहिजे, टेबलाच्या खालून बोटाने टिचक्या मारल्या तरी पुरे. नाही जमलं तर ग्लास उचला.

खिडक्यांना रात्री काळं मखमल, काचेपासून हातभर लांब, आणि अधूनमधून एक दिवा पुढून मागे सरकवायचा. दिवसा पांढरा पडदा दोन स्टॉप जास्त उजळ आणि तारेच्या खांबांची सावली. खांब ५० मीटरवर धरले तर ताशी ६० ला दर तीन सेकंदांनी एक. काचेवरचं दव गोठल्याचं दाखवायला एप्सम सॉल्ट: गरम पाण्यात विरघळायचं थांबेपर्यंत घालायचं, भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब, आणि ब्रशने काचेच्या कडांना लावून वाळू द्यायचं. सुया-सुयांचे स्फटिक येतात. मधोमध लावू नका, नटाचा चेहरा दिसत नाही. आणि तोंडाची वाफ लागली की विरघळतं.

सांधेवाला

आवाजात भर. १२ मीटरचा रूळ आणि ताशी ६० धरली तर सांध्यांची टकटक दर ०.७२ सेकंदाला. एका बोगीची (डब्याखालच्या चाकगाड्याची) दोन चाकं अडीच मीटर अंतरावर असतील तर त्यातले दोन ठोके ०.१५ सेकंदाने. 'टक-टक' विराम 'टक-टक'. पुष्कळ सिनेमांत एकसारखं टक टक टक चालतं, ती गाडी नाही, घड्याळ आहे. गाडी मंदावताना विराम लांबला पाहिजे आणि जोडीतलं अंतरही.

रीळबदल

आवाजाचा विषय निघालाच आहे तर: संवाद नंतर भरलेत. ली, कुशिंग आणि सावालास यांचे आवाज त्यांचेच, बाकी बऱ्याच जणांना दुसऱ्यांचे. इंग्रजी आवृत्तीत या तिघांचेच ओठ आणि आवाज नीट जुळतात आणि बाकीचे थोडे तरंगतात. योगायोगाने गोष्टीला ते मानवतं, माणसाच्या तोंडून दुसरंच कोणी बोलतंय अशीच ती आहे. काकावासची शीळ घालून वाजणारी धून मात्र पहिल्या मिनिटापासून पकडते.

प्रत कोणती पाहावी हेही सांगून टाकतो. अमेरिकेत सिनेमा सार्वजनिक मालकीचा, म्हणजे कॉपीराइट नसलेला, धरला गेला, म्हणून कोणीही उठून डिस्क काढली. ओळखायच्या खुणा: चित्राची रुंदी उंचीच्या १.३३ पट, म्हणजे चौकोनी असेल तर सोडा. मूळ १.६६ आहे, कडा कापल्या असतील तर रुंदीचा पाचवा भाग गेला, आणि बोळातल्या शॉटमध्ये नेमकं तिथेच कोणीतरी उभं असतं. सगळं गुलाबीसर दिसत असेल तर फिल्मचे रंग उडालेली प्रत आहे. सामानाच्या डब्यात काळा भाग करडा दिसत असेल तर लाल डोळ्याची मजा शून्य. २०११ ची सेव्हरिन कंपनीची ब्लू-रे आणि २०१९ ची अॅरो कंपनीची, या दोन्हींत डोळे झाकून अॅरोची घ्या. ८६ मिनिटांची प्रत दिसली तर कापलेली समजून घाबरू नका, पाल या युरोपातल्या टीव्ही पद्धतीत २४ ऐवजी २५ फ्रेमने चालते म्हणून चार टक्के वेळ कमी होतो. आवाजही तेवढाच वर चढतो, लीच्या आवाजात ते कळतं.

तिरकस

मग आता माझी खरी तक्रार. तासाभराने सावालास कोसॅक घेऊन गाडीत चढतो आणि वेगळाच सिनेमा सुरू होतो. तोवर बंद गाडीत कोणावर विश्वास ठेवायचा असा छान खेळ चालला होता. बाहेरचा माणूस आत आला की कोंडमारा फुटतो. कॅप्टन कझान मजेदार आहे, पण तो गोष्टीसाठी आलाय की पोस्टरसाठी?

निशाचर

पोस्टरसाठी आला असेलही, पण काम गोष्टीचं करतो. तोवर गाडीत जे अधिकारी होते ते विज्ञानाचे आणि कायद्याचे, म्हणजे पुरावा मागणारे. कझान पुरावा मागत नाही, सगळ्यांनाच झोडपतो, आणि त्याच्या झोडपण्यातच मिरोव उघडा पडतो. मग ते पुजारदोवमध्ये जातं, आणि साधू ते आपणहून आत घेतो! आधीच्या सगळ्यांच्या अंगात ते घुसलं होतं. हा फरक मला पूर्ण सिनेमातला सगळ्यात भीतिदायक क्षण वाटतो. कोसॅक आले नसते तर उठवायला एवढी ताजी प्रेतंही मिळाली नसती, हा व्यवहार वेगळा.

शरीर बदलणाऱ्या पाहुण्याची कल्पना जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलच्या १९३८ च्या 'हू गोज देअर?' या दीर्घकथेच्या घरातली. तिथे बर्फातला तळ, इथे गाडी. तळावरून कोणी उतरू शकत नाही. गाडीतून प्रत्येक स्थानकावर उतरता येतं, म्हणून पटकथेला स्थानकं टाळावी लागतात. तेच कझान जिथे चढतो तिथे टाळलेलं नाही, हे तुमचं मान्य.

काजळी

कुशिंगबद्दल एक ओळ राहूनच गेली. १९७१ च्या जानेवारीत त्याची बायको हेलन गेली होती. माद्रिदला पोचल्यावर तो काम सोडायला निघाला होता आणि लीने जुन्या सिनेमांच्या आठवणी काढत त्याला थांबवलं. पडद्यावर वेल्स इतका खट्याळ आहे की सांगितल्याशिवाय पत्ता लागत नाही. कवटी कापून बळीचा कोरा झालेला, गुळगुळीत मेंदू बघताना त्याचे हात बघा. हत्यार कसं धरायचं हे त्या हातांना ठाऊक आहे, आणि मदतनीस मिस जोन्सकडे न बघता हात पुढे करतो.

अर्धवट

तो गुळगुळीत मेंदू कशाचा करत असतील?

काजळी

जिलेटिन सगळ्यात सोपं. मेंदूच्या साच्यात ओतायचं तर वळ्या येतात, इथे त्याच नकोत, म्हणजे साधी वाटी पुरते. पाणी आणि ग्लिसरीन समप्रमाणात, वजनाच्या पाचव्या भागाइतकी जिलेटिन पूड, किंचित पांढरा रंग आणि अगदी थोडा पिवळा. उकळू द्यायचं नाही, उकळलं की फेस धरतं आणि थंड झाल्यावर पृष्ठभागावर खड्डे पडतात. ग्लिसरीन नसेल तर दिव्यांखाली तासाभरात आकसतं. शॉटच्या आधी वरून ग्लिसरीनचा हात फिरवायचा, ओलसर चमक त्याने येते. पाण्याने नाही, पाणी दोन मिनिटांत वाळतं.

रीळबदल

छोट्या इंजिनाच्या धुराचं कोणी सांगेल का? तो मला नेहमी खोटा वाटतो.

चौथी_भिंत

धुराला गणित लागू पडत नाही, तो सोळा पटीने लहान होत नाही. पाण्याचंही तसंच, म्हणून छोट्या गाड्या शक्यतो नदीजवळ नेत नाहीत. ९६ फ्रेमने घेतल्यावर धूर जड आणि आळशी दिसतो ते बरं, पण त्याचे लोट मोठे राहतात, बोटभर चिमणीतून ढगाएवढा गोळा. उपाय दोनच: चिमणीत अगदी अरुंद नळी घालून, मागून थोडा वारा देऊन धूर फाडायचा, किंवा रात्री घ्यायचं आणि मागून एकच दिवा. समोरून प्रकाश टाकला की संपलं.